तांबडी पेटी आणि तिचे वारस

इंग्लंडातील पुष्कळ खेड्यांत, चर्च आणि टपालकचेरी यांच्या आसपास, ओतीव लोखंडाची एक तांबडी पेटी अद्यापि उभी असलेली आढळते. टेलिफोन करण्यासाठी ती उभारली गेली. परंतु आज तिच्या आत बहुधा टेलिफोन नसतो. सॉमरसेट परगण्यातील वेस्टबरी-सब-मेंडिप या गावाने २००९ मध्ये अशा पेटीत लहानसे वाचनालय थाटले. अन्यत्र तिच्यात बंद पडलेले हृदय चालू करणारे विद्युत्-उपकरण बसविले गेले, कोठे फुलझाडांच्या कुंड्या मांडल्या गेल्या. दोन हजारांहून अधिक पेट्यांची नावे कायद्याने संरक्षिलेल्या वास्तूंच्या यादीत दाखल आहेत. या साऱ्याकडे कौतुकाने पाहावे आणि ‘आपल्याकडे असे का होत नाही?’ असा उसासा टाकावा, अशी एक रीत आपल्या लेखनात पडून गेली आहे. तो उसासा कितपत साधार आहे, हे तपासून पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे. त्यासाठी नवी मुंबईतील सानपाडा हे गाव समोर ठेवले आहे. सानपाड्याच्या वाट्याला असली तांबडी पेटी आलेली नाही. तथापि सार्वजनिक टेलिफोन तेथे आला आणि एका पिढीच्या हयातीतच नाहीसाही झाला. शिवाय हे गाव एकाच वेळी खेडे आहे आणि शहरही आहे. ‘गावाचा वारसा’ या शब्दप्रयोगातील गाव म्हणजे कोण आणि वारसा म्हणजे काय, हे दोन्ही प्रश्न तेथे एकदमच उपस्थित होतात.

प्रथम मूळ वस्तूचा विचार केला पाहिजे. तांबड्या पेटीचा जनक सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट हा लिव्हरपूलच्या कॅथीड्रलचा वास्तुशिल्पी. १९२४ साली झालेल्या स्पर्धेत त्याची आकृती निवडली गेली. पुढे १९३५ मध्ये, पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त, त्याने तिची आटोपशीर आवृत्ती तयार केली आणि तीच इंग्लंडच्या गावोगाव पसरली. तिचा दरवाजा सागवानी, छप्पर घुमटाकार. त्या घुमटाची कल्पना सर जॉन सोन या वास्तुशिल्पज्ञाच्या कुटुंबाच्या समाधीवरून सुचली असावी, असे जाणकार मानतात. ज्या पेटीत उभे राहून माणसे जन्ममृत्यूच्या वार्ता देत-घेत होती तिचे छत एका थडग्यावरून यावे, हा योगायोग अर्थपूर्ण म्हणावा की गमतीचा, हे ज्याने त्याने ठरवावे. स्कॉटला स्वतःला मात्र ती तांबडी नको होती. बाहेरून रुपेरी आणि आतून निळसर-हिरवी अशी त्याची सूचना होती. टपालखात्याने ती मानली नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आज खेड्याचे भूषण मानली जाणारी ही पेटी प्रथम खेड्यात आली तेव्हा अनेकांना ती खेड्याचे विद्रूपीकरण वाटली होती. ग्रामीण सौंदर्याच्या कैवाऱ्यांनी तिच्या भडक रंगाविरुद्ध इतक्या तक्रारी केल्या की, काही निसर्गरम्य प्रदेशांत ती राखाडी रंगवून केवळ खिडक्यांच्या पट्ट्या तांबड्या ठेवण्याची तडजोड खात्याला पत्करावी लागली. सरकारी खात्याने राजधानीत ठरविलेली, कारखान्यात एकाच साच्यातून हजारोंनी ओतलेली ही वस्तू. तिच्यात गावाचे असे काय होते? गावची माती नाही, गावच्या कारागिराचा हात नाही, गावाची संमतीही नाही. असे असता पन्नास वर्षांच्या आत ती गावाची झाली. १९८४ मध्ये तेथील टेलिफोन-व्यवसाय खाजगी मालकीकडे गेला आणि कंपनीने जुन्या पेट्या काढून नव्या, निर्विकार काचपेट्या बसविण्यास आरंभ केला, तेव्हा तिच्या बाजूने उठलेल्या आवाजांत खेड्यांचा आवाज लहान नव्हता. वस्तू जुनी झाली म्हणून ती गावाची झाली, असे म्हणणे पुरेसे नाही. इतर अनेक वस्तू जुन्या होऊन भंगारात गेल्या आहेत. ती गेली असती तर गावाचे काही जाणार होते, आणि ते कोणाला तरी मोठ्याने सांगता आले, हे तिच्या बचावाचे खरे कारण दिसते.

इंग्लंडात या पेटीला मिळालेले संरक्षण एकजिनसी नाही. त्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत केल्यामुळे आपल्याकडील चर्चेत बराच घोटाळा झाला आहे. पहिला प्रकार रूपाच्या संरक्षणाचा. संरक्षित वास्तूंच्या यादीत नाव चढले की पेटीचा आकार, रंग, जागा यांना हात लावता येत नाही; आत टेलिफोन असला काय नि नसला काय, यादीला त्याचे सोयरसुतक नाही. दुसरा प्रकार प्रयोजनाच्या संरक्षणाचा. दळणवळणाचे नियमन करणाऱ्या तेथील संस्थेने २०२२ मध्ये सुमारे पाच हजार सार्वजनिक टेलिफोन बंद करण्यास मनाई करणारे नियम केले. ज्या ठिकाणी चारही मोबाइल कंपन्यांच्या लहरी पोहोचत नाहीत, जेथे अपघात वा आत्महत्या वारंवार घडतात, अथवा जेथून वर्षाकाठी किमान ५२ वेळा कोणी फोन केला आहे, तेथील टेलिफोन काढता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. आठवड्यास एक फोन, हे प्रमाण वरवर पाहता हास्यास्पद वाटेल. परंतु त्यामागील दृष्टी हास्यास्पद नाही. तो एक फोन कोणी आणि कशासाठी केला असेल, याचा विचार नियम करणाऱ्यांनी केलेला आहे. या दुसऱ्या संरक्षणास पेटी तांबडी आहे की काचेची, याच्याशी कर्तव्य नाही.

म्हणजे एक कायदा रिकाम्या पेटीला जपतो आणि दुसरा कुरूप पेटीतील टेलिफोनला. दोन्ही एकाच पेटीवर लागू पडतील असे क्वचितच घडते. छायाचित्रांतून आपल्यापर्यंत पोहोचले ते केवळ पहिले संरक्षण. आपल्या शहरांतील उपाहारगृहांच्या दाराशी त्या तांबड्या पेटीच्या लाकडी प्रतिकृती उभ्या असतात आणि तरुण मंडळी तेथे छायाचित्रे काढून घेतात, हे या अर्धवट आकलनाचेच फळ होय.

येथे आणखी एका गोष्टीकडे वळणे अवश्य आहे. २००८ पासून तेथील कंपनीने निरुपयोगी झालेल्या पेट्या एक पौंड नाममात्र किमतीस स्थानिक संस्थांच्या स्वाधीन करण्याची योजना चालविली आहे. वेस्टबरीच्या ग्रामसभेने आपली पेटी याच मार्गाने मिळविली. या व्यवहारास इंग्रजांनी जो शब्द वापरला त्याचा सरळ मराठी पर्याय ‘दत्तक घेणे’ हा आहे. महाराष्ट्रात या शब्दाला केवढे वजन आहे, हे वेगळे सांगावयास नको. १८४८ मध्ये साताऱ्याचे आणि १८५४ मध्ये झाशीचे राज्य खालसा झाले ते दत्तकविधान नामंजूर केल्यामुळे. दत्तक हा आपल्या परंपरेत जिव्हाळ्याचा शब्द आहेच. पण त्याहीपूर्वी तो हक्काचा शब्द आहे. दत्तक घेतलेला मुलगा लाडाकोडात वाढतो एवढ्यावर भागत नाही. तो वारस होतो. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी या देशातील दत्तके नाकारणाऱ्यांच्या वंशजांनी लोखंडी पेट्यांची दत्तके आनंदाने मंजूर करावी, यातील विरोधाभास सोडून दिला तरी मुद्दा उरतो तो हा : खेड्यातील पेटीला एक कायदेशीर वारस मिळाला.

मराठीत या विषयाची परिभाषा कशी घडली, हे यासंदर्भात पाहण्याजोगे आहे. ‘वारसा’ हा शब्द आपल्याकडे फारसी-अरबीच्या द्वारे आला आणि दीर्घकाळ तो कचेरीतच वावरला. वारस, वारसा-हक्क, वारस-दाखला, सातबाऱ्यावरील वारस-नोंद, ही त्याची मूळ बिऱ्हाडे. मृताच्या मागे जे उरते ते कोणाकडे जावे, हा त्याचा विषय. ‘सांस्कृतिक वारसा’, ‘वारसावास्तू’ हे प्रयोग त्यामानाने अलीकडचे. ते रूढ होताना शब्दाचा एक पाय मोडला, असे म्हणावे लागते. कचेरीतील वारशाला वारस असल्यावाचून अर्थच नसतो. सांस्कृतिक वारशाचा वारस कोण, हे मात्र कोणी विचारत नाही. ‘आपला सर्वांचा’ या उत्तराने प्रश्न मिटविला जातो. ज्या मालमत्तेचे वारस सर्व असतात तिची देखभाल करावयास बहुधा कोणीच येत नाही, हा अनुभव कोणत्याही सामाईक विहिरीला विचारावा.

‘ठेवा’ हा दुसरा शब्द. तो अधिक देशी आणि अधिक सूक्ष्म आहे. ठेवा म्हणजे कोणीतरी आपल्यापाशी ठेवलेले. ते मागाहून परत द्यावयाचे असते. त्यात मालकीचा दावा नाही, पण जबाबदारी आहे. तिसरा शब्द शासनाने निवडला. राज्य संरक्षित स्मारकांची देखभाल खाजगी संस्थांकडे सोपविण्याच्या ‘महाराष्ट्र वैभव’ योजनेच्या नावात ‘संगोपन’ हा शब्द आहे. नळदुर्गचा किल्ला याच योजनेखाली एका खाजगी कंपनीच्या हाती देण्यात आला. संगोपन म्हणजे पालनपोषण. मूल आपले असो वा नसो, संगोपन करता येते. दाईही ते करते. दत्तकाने नाते बदलते, संगोपनाने बदलत नाही. शब्द योजणाऱ्याने हा भेद मनात धरला होता की नाही, ते कळावयास मार्ग नाही. तरी शब्द चुकून का होईना नेमका पडला आहे. आपल्याकडील वारसा-संरक्षणाची सर्व यंत्रणा संगोपनाच्या पातळीवर चालते. दत्तकाची पातळी तिने गाठलेली नाही.

कायद्याच्या अंगाने पाहिल्यास हे अधिक स्पष्ट होते. १९५८ चा केंद्रीय प्राचीन स्मारकांचा कायदा शंभर वर्षांची अट घालतो. स्कॉटची १९३५ ची पेटी त्या अटीत २०३५ पर्यंत बसणार नाही. मुंबईपुरते बोलावयाचे तर बृहन्मुंबईच्या १९९५ च्या वारसा-नियमावलीने वयाची ही चौकट सैल केली आणि वास्तूंची श्रेणीवार यादी तयार केली. देशातील या प्रकारच्या पहिल्या नियमावल्यांत तिची गणना होते आणि तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तिच्यामुळे राजवाडे आणि देवळे यांच्याखेरीज रस्त्यावरील लहानसहान वस्तूंनाही प्रतिष्ठा लाभली. सेंट टॉमसच्या चर्चपासूनचे अंतर रोमन आकड्यांत सांगणारे मैलाचे दगड हे त्याचे उत्तम उदाहरण होय. मैलाचे माप व्यवहारातून गेले, चर्चपासून अंतर मोजण्याची पद्धत गेली, दगड अर्धे पदपथात बुजले. तरी ते यादीत आले. निरुपयोगी वस्तूचेही रक्षण करता येते, हे या दगडांनी मुंबईस शिकविले.

प्याऊंची गोष्ट थोडी निराळी आहे. मशीद बंदर येथील केशवजी नायक प्याऊ १८७६ ची. शहरातील अशा पाणपोया बहुतांशी व्यापारी घराण्यांनी, पुष्कळदा दिवंगत आप्तांच्या स्मरणार्थ बांधल्या. त्यांच्यावर दात्याचे नाव कोरलेले असते. म्हणजे त्यांना जन्मतःच कूळ आहे. अलीकडच्या काळात त्यांतील काहींचे दगडकाम दुरुस्त झाले आणि काहींना पुन्हा पाणीही आले. रूप आणि प्रयोजन एकत्र राखण्याचा हा आपल्याकडील दुर्मिळ प्रयत्न आहे आणि तांबड्या पेटीच्या कोणत्याही वाचनालयापेक्षा तो अधिक मोलाचा आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी. मात्र ज्यांच्यासाठी ती प्याऊ होती तो घाऊक बाजार, त्यातील हमाल आणि गाडीवान, १९८० नंतरच्या काळात टप्प्याटप्प्याने खाडी ओलांडून वाशी-तुर्भ्याच्या बाजार-आवारात गेले. वारसा मशीद बंदरला राहिला. त्याचे तहानलेले वारस सानपाड्याच्या शेजारी आले.

सानपाडा हे ठाणे तालुक्यातील खाडीकाठच्या गावांपैकी एक. भातशेती, मीठ आणि मासळी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी वस्तीचा हा पट्टा. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादन करण्याचे ठरले. शेतजमीन गेली, गावठाण राहिले. भोवती आखीव सेक्टर उठले आणि गाव त्यांच्या मध्ये एखाद्या जुन्या शब्दासारखे अडकून पडले. जानेवारी १९८४ मधील शेतकऱ्यांचे आंदोलन, त्यात पडलेले पाच बळी आणि त्यानंतर लागू झालेली साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना हा इतिहास सर्वपरिचित आहे. त्यात पुनःपुन्हा येणारा एक शब्द येथे ध्यानात घ्यावयाचा. भूखंड मिळावयाचा तर मूळ खातेदाराचा वारस असल्याचे सिद्ध करावे लागे. म्हणजे मुंबई शहरात ‘वारसा’ हा शब्द घुमट, कमानी आणि श्रेणी यांच्याशी जोडला जात होता, नेमक्या त्याच सुमारास खाडीपलीकडे तो तलाठ्याच्या दप्तरातील आपल्या मूळ अर्थाने, घराघरांतून, भांडणांसह आणि अश्रूंसह जगत होता. एकाच भाषेत, एकाच काळी, वीस-पंचवीस किलोमीटरच्या अंतरात एका शब्दाचे असे दोन संसार चालावे, ही घटना भाषेच्या अभ्यासकाने नजरेआड करण्याजोगी नाही.

या गावात आणि अशा इतर गावांत टेलिफोन कसा आला? मुंबईत टेलिफोनची पहिली देवाणघेवाण १८८२ मध्ये सुरू झाली. परंतु त्यानंतर शंभर वर्षे तो व्यापाऱ्यांचा, डॉक्टरांचा आणि अधिकाऱ्यांचाच राहिला. सामान्य मराठी घराचा टेलिफोनशी पहिला संबंध आला तो शेजाऱ्याच्या यंत्राद्वारे. लग्नपत्रिकेवर किंवा दुकानाच्या पावतीवर क्रमांक छापून त्यापुढे ‘पी. पी.’ ही दोन अक्षरे घालण्याची पद्धत अनेकांच्या स्मरणात असेल. ट्रंक कॉलच्या काळात विवक्षित व्यक्तीलाच बोलावून देण्याची जी सेवा होती तिच्या इंग्रजी नावाची ही आद्याक्षरे; लोकव्यवहारात मात्र त्यांचा अर्थ झाला, ‘फोन शेजारच्यांचा आहे, आम्हांला हाक मारतील.’ एका तांत्रिक संज्ञेचे असे शेजारधर्मात रूपांतर व्हावे, हे कोणत्याही परिभाषा-समितीच्या आवाक्याबाहेरचे काम होते.

१९८४ मध्ये सी-डॉट ही संशोधनसंस्था स्थापन झाली. तिने तयार केलेले १२८ जोडण्यांचे ग्रामीण स्वयंचलित केंद्र १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे बसविण्यात आले. या यंत्राचा विशेष असा की, ते वातानुकूलनावाचून, आपल्याकडील उष्मा आणि धूळ सोसून चालावे अशा रीतीने घडविले होते. इंग्लंडात सार्वजनिक टेलिफोनसंबंधीची श्रेष्ठ प्रतिभा पेटीच्या बाह्यरूपावर खर्च झाली. भारतात ती आतील यंत्रावर आणि त्याच्या वाटपाच्या पद्धतीवर खर्च झाली. सार्वजनिक टेलिफोन चालविण्याचे परवाने खाजगी व्यक्तींना, त्यांतही अपंग, माजी सैनिक, विधवा अशांना प्राधान्याने देण्यात आले. पेटीची आकृती कोणी काढली नाही. ज्याला जशी जमली तशी त्याने ती उभी केली : प्लायवूडची, ॲल्युमिनियमच्या चौकटीची, कोठे पानाच्या ठेल्याला टेकलेली, कोठे किराणा दुकानाच्या कोपऱ्यात. एकरूप होती ती केवळ पाटी. पिवळ्या भूमीवर मोठ्या अक्षरांत ‘एस. टी. डी., आय. एस. डी., पी. सी. ओ.’ एवढेच तिच्यावर असे. तो मजकूर कोणत्याही भाषेतला नव्हता आणि सर्वांना वाचता येत होता.

या पिवळ्या पाटीखालच्या जगाचे वर्णन करावे तेवढे थोडे आहे. काचेचे दार लावले तरी आवाज बाहेर येई, म्हणून माणसे भिंतीकडे तोंड करून बोलत. डोक्यावर तांबड्या आकड्यांचे मीटर पळत असे आणि प्रत्येक ‘बाकी काय?’ची किंमत डोळ्यांसमोर वाढत जाई; संभाषणाला मर्यादा घालणारा इतका कठोर संपादक मराठी गद्याला दुसरा लाभला नसेल. रात्री अकरानंतर दूरच्या फोनचा दर पाव होई आणि त्या सुमारास बाहेरच्या बाकावर रांग लागे. बाजार-आवारात माल उचलणारे माथाडी कामगार पश्चिम महाराष्ट्रातून आलेले. गावी त्यांच्या घरी फोन नाही. फोन गावच्या दुकानात किंवा पंचायतीत. म्हणून पहिला फोन निरोपाचा (‘अर्ध्या तासाने परत करतो, आईला बोलावून ठेवा’) आणि दुसरा बोलण्याचा. त्या अर्ध्या तासात सातारा किंवा सांगली जिल्ह्यातील एखाद्या वाडीत एक पोर धावत जाऊन येई. एका फोनमध्ये किमान चार माणसे गुंतलेली असत आणि बूथ चालविणाऱ्याला त्यांपैकी निम्म्यांची सुखदुःखे ठाऊक असत.

याच व्यवस्थेचा एक लहान भाऊ म्हणजे दुकानाच्या फळीवर ठेवलेला, एक रुपयाचे नाणे गिळणारा टेलिफोन. तो बहुधा तांबडा असे. आपल्याकडेही तांबडी पेटी होती; ती माणसाला सामावून घेण्याइतकी मोठी नव्हती एवढेच.

मोबाइल आला आणि दहा-पंधरा वर्षांत हे सारे ओसरले. याबद्दल हळहळ करण्याचे कारण नाही. निरोपासाठी धावणाऱ्या पोराची दमछाक वाचली आणि पाव दराची वाट पाहत जागणे संपले, हे चांगलेच झाले. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली त्या अखेरच्या दिवशी कचेऱ्यांत झुंबड उडाली आणि ज्यांनी आयुष्यात कधी तार केली नव्हती त्यांनी स्वतःलाच तारा केल्या. तसल्या स्मरणविलासाचा येथे पुरस्कार नाही. सानपाड्याच्या एखाद्या चौकात पिवळी पेटी नव्याने बांधून तिला फुलांच्या माळा घालाव्यात, ही सूचना कोणी केलीच तर ती उपाहारगृहाच्या दारातील प्रतिकृतीइतकीच पोकळ ठरेल.

प्रश्न मूल्यमापनाच्या निकषाचा आहे. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये (१९५५) लयीची संवाद, विरोध आणि समतोल ही तत्त्वे मांडली. त्या कसोटीवर स्कॉटची पेटी सहज उतरेल. तिच्या चौकटींच्या पुनरावृत्तीत संवाद आहे, सरळ भिंती आणि वक्र छत यांत विरोध आहे, सर्वांचा तोलही आहे. पिवळ्या बूथला मात्र ही कसोटी लावताच तो नापास होतो आणि यादीबाहेर राहतो. वारसा-नियमावल्यांची घडण वास्तुशिल्पज्ञांच्या हातून झाली असल्याने त्यांची नजर रूपावर स्थिरावणे स्वाभाविक आहे. पण मग ज्या समाजाने आपली कल्पकता रूपावर खर्चलीच नाही, ती व्यवस्थेत, शब्दांत आणि नात्यांत घातली, त्याच्या हाती यादीत घालण्याजोगे काही राहत नाही. तो समाज स्मृतिहीन ठरतो. सानपाड्यासारख्या गावावर हा अन्याय दुहेरी होतो. त्याची जुनी घरे मोडून त्यांच्या जागी ‘गरजेपोटी’ म्हणून ओळखली जाणारी इमारती घरे उभी राहिली आहेत. रूपाच्या नजरेला ती अतिक्रमणे दिसतात. त्या घरांच्या तळमजल्यावरील दुकानांतूनच टेलिफोनचा हा सारा इतिहास घडला.

येथे एक आक्षेप संभवतो. पिवळा बूथ सर्वत्र होता. तो सानपाड्याचा म्हणून काय विशेष? परंतु हा आक्षेप तांबड्या पेटीलाही लागू पडतो. तीही सर्वत्र होती. वेस्टबरीची पेटी वेस्टबरीची झाली ती वेस्टबरीच्या लोकांनी एक पौंड भरून ती आपल्या नावावर केली तेव्हा. म्हणून अधिक खोल आक्षेप निराळाच आहे, आणि त्याचे उत्तर सोपे नाही. इंग्लंडातील खेड्याला पेटी दत्तक घेता आली, कारण तेथे दत्तक घेणारी ग्रामसभा होती. सानपाड्यात ती संस्था उरलेली नाही. १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली आणि तिच्या हद्दीतील गावांचा कारभार ग्रामपंचायतींकडून महापालिकेकडे गेला. दोनच वर्षांनी, १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने प्रत्येक खेड्यास टेलिफोन आणि शहरात दर पाचशे माणसांमागे एक सार्वजनिक टेलिफोन असे उद्दिष्ट १९९७ पर्यंतसाठी ठरविले. त्या हिशेबात सानपाड्यासारखे गाव शहराच्या रकान्यात गेले. म्हणजे जमीन देताना ते गाव होते, टेलिफोन मोजताना ते शहर होते, आणि वारसा नोंदविण्याची वेळ येते तेव्हा ते दोन्ही नसते. गावकी आहे, जत्रा आहे, प्रकल्पग्रस्तांच्या संघटना आहेत. पण एक पौंड भरून पावती कोणाच्या नावे फाडावी, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही.

या उणिवेकडे दुर्लक्ष करून केवळ यादी वाढवीत गेल्यास काय होते, ते मैलाच्या दगडांवरून दिसून येते. यादीत नाव असूनही वर्षानुवर्षे त्यांतील कित्येक दगड डांबराखाली आणि फरशीखाली गेले. ज्यांच्या दारासमोर ते होते त्यांना तो आपला दगड वाटत नव्हता. याउलट यादीत नाव नसताना एखादी वस्तू टिकल्याची उदाहरणे गावठाणात विपुल सापडतात. वेशीवरचा देव कोणत्याही श्रेणीत नसतो. त्याची शेंदराची पुटे मात्र दरवर्षी वाढतात.

विद्यापीठीय अभ्यासाला या बाबतीत काही करण्याजोगे आहे आणि ते तातडीचे आहे. ‘पी. पी.’ क्रमांक असलेल्या लग्नपत्रिका, बूथवर टांगलेले दरपत्रक, मीटरमधून निघणाऱ्या चिठ्ठ्या, निरोप टिपून ठेवण्याच्या वह्या, परवान्याची कागदपत्रे ही सामग्री कोणत्याही संग्रहालयात गेलेली नाही. ती असलीच तर ट्रंकांत आणि माळ्यांवर आहे. मोबाइलच्या रिचार्जचे दुकान झालेल्या एखाद्या गाळ्यावर जुन्या पाटीची पिवळी कड नव्या फलकाच्या मागून डोकावताना दिसते; तेथून आरंभ करता येईल. अशा दुकानात गेलेल्या अभ्यासकाने पेटीचा आकार किंवा रंग विचारण्यापूर्वी परवाना कोणाच्या नावावर होता आणि त्यांच्यानंतर तो कोणी चालविला, हे विचारावे.